एक्स्पताईंचं विरजण

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत एक्स्पताई चहासुद्धा लॅपटॉपला विचारून पीत. कपातला चहा पिण्याजोगा कधी होईल, हे त्या एक्सेलमध्ये ‘एक्स्प’चं, म्हणजे पटीपटीने होणारी वाढ-घट मोजणारं, सूत्र घालून काढत; उत्तर येईपर्यंत चहाचं सरबत झालेलं असे. “सूत्र बरोबर आहे,” त्या थंडगार घोट घेत म्हणत, “मीच हळू टाइप करते.”

त्यांचा जन्म इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यात गेला. त्यामुळे जगात गोष्टी दोनच: एक्स्पने वाढणाऱ्या आणि एक्स्पने घटणाऱ्या. चाळीतली अफवा पहिल्या खात्यात, माझे केस दुसऱ्यात. माझ्या टकलाचा आलेख त्यांनी रंगीत काढून दिला होता.

एका भीमजयंतीला जेवणाच्या मठ्ठ्याचं त्यांनी अंगावर घेतलं. पातेलं एवढं, की परळचा पूल आत आडवा मावला असता. सकाळी दुधात विरजण घातलं, दही कधी लागेल ते शीटवर काढलं आणि त्या निवांत झाल्या. पण सार्वजनिक पातेल्याला आपल्या घरचा हात लागला नाही, तर आमच्या चाळीला घास गिळवत नाही. मालनकाकू सहज बोलून गेल्या, “माझंही चमचाभर टाकलं हो.” मग एकेक दार कबुली देत गेलं. सगळ्या मजल्यांचं विरजण आत! पाहुणे येईपर्यंत मठ्ठा आंबट ढाण होणार. मंडळाचे अध्यक्ष ताकाच्या पिशव्या आणायला निघालेसुद्धा.

ताईंनी पहिल्या चौकटीतला एक आकडा बदलला. “थांबा. विरजण वीसपट पडलं, म्हणून दही वीसपट लवकर लागत नाही. दोनेक तास आधी लागेल. तेव्हाच बर्फात ठेवा.”

अख्खी चाळ पातेल्याभोवती पहाऱ्याला बसली. ताईंनी सांगितलं तेव्हा झाकण काढलं, तर दही असं, की करवतीने कापावं. मठ्ठा पिऊन शीवचे पाहुणे संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत.

यंदा ताई नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या. सोबत डबीत विरजण, त्याच दह्यातून पुढे चालत आलेलं, सगळ्या घरांचं. निघताना मला म्हणाल्या, “एक्स्पमध्ये उणे कितीही मोठा आकडा घाल, उत्तर घटत जातं, पण शून्य होत नाही. इथली ओढ तशीच राहणार.”

मी कसला ऐकतोय! घरी येऊन उणे हजार घातले. एक्सेलने सरळ शून्य दाखवलं. लगेच फोन लावला.

“यंत्र दमलं रे ते,” ताई म्हणाल्या. “मी नाही. दही लागलंय इथे, ये खायला.”