तिसरी फाईल

पाठककाका माझ्या दुकानात यायचे ते चपला बाहेर काढून. ऑनलाइन सेंटरमध्ये चपला काढणारा दुसरा माणूस मी काही पाहिला नाही. बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातलं माझं दुकान ते केवढं! दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि फॉर्म भरायला आलेल्या दापोऱ्याकडच्या केळीवाल्यांची दारापर्यंत रांग.

"काका, राहू द्या हो, इथं कोण चपला काढतं?" मी म्हणायची.

"कागद आहेत ना इथं, बेटा," असं म्हणून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे.

काका तहसिलीत नकलनवीस होते. जुन्या कागदांच्या हाताने नकला करायच्या, हेच आयुष्यभराचं काम. नकल झाली की मिलान. म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून बघायचं, आणि शेवटी पानाखाली दोन नावं: नकल कोणी केली, मिलान कोणी केलं. "मिलान एकट्याचं काम नाही, बेटा. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसतच नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शंभरदा तरी ऐकलं असेल मी.

पहिल्यांदा आले तेव्हा मोबाईल पुढे करून म्हणाले, "ही फाईल उघडून दे."

"उघडलेलीच आहे की, काका. दिसतेय ना?"

"दिसते गं, पण हात लावू देत नाही. मला आत शिरून दुरुस्ती करायचीय."

राजपुऱ्यात पूर्वी एक मराठी वाचनालय होतं. त्याचे जुने छापील वार्षिक अंक कोणीतरी स्कॅन करून काकांना पाठवले होते, पीडीएफमध्ये. तरुणपणी त्या अंकांची मुद्रितं काका आणि त्यांचे कचेरीतले दोस्त सदाशिव मिळून तपासायचे. मग राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं आणि सदाशिव नागपूरला निघून गेले. काका म्हाताऱ्या आईसाठी मागे राहिले.

"त्यानंतरचा अंक मी एकट्यानेच तपासला," ते सांगायचे. "भलत्या चुका राहिल्या. एका बाईंच्या कवितेची शेवटची ओळच गळाली. बिचारीची आयुष्यातली एकुलती एक छापलेली कविता! नंतर रस्त्यात दिसली की तोंड फिरवायची. आता तीही गेली. पण तिच्या हातचा मूळ कागद मी जपून ठेवलाय. तो अंक आपण शेवटी घेऊ, नीट मिलान करून. तेवढं झालं की मी मोकळा."

पीडीएफची वर्डमध्ये फाईल करून देणारी एक फुकटची साइट होती. दिवसाला दोन फायली लगेच व्हायच्या, तिसरीला म्हणायची, तासभर थांबा. आणि काका आठवड्यातून दोनदा यायचे ते बरोबर तीन फायली घेऊन.

"काका, दोनच आणत जा ना! तिसरीपायी तासभर अडकून पडता."

"माझं काय अडलंय? बसतो."

त्या तासात आधीच्या दोन फायलींचं मिलान. मी छापील अंकातलं पडद्यावर बघून वाचायचं, काकांनी नव्या प्रिंटवर बोट फिरवायचं. "घाई नको. पूर्णविराम पण वाच," ते म्हणायचे. पूर्णविराम कोणी वाचतं का हो? रांगेतली पोरं हसायची, "दीदी, ये कौनसा पाठ चल रहा है?" मी करवादायची. काका मात्र खिशातून दराब्याची, आमच्या गावच्या त्या रवाळ मिठाईची, पुडी काढून सगळ्यांना वाटायचे. घरी कोणी नव्हतं त्यांच्या. काकू कधीच्याच गेलेल्या, मूलबाळ नाही. हे मला ठाऊक होतं, पण ते ठाऊक असून मी काय केलं ते ऐका.

प्रवेशाचे दिवस आले, गर्दी मरणाची. मी वैतागले आणि पैसे भरून त्या साइटची पूर्ण सोय घेतली. काकांच्या मोबाईलमधून उरलेल्या सगळ्या फायली उतरवून घेतल्या, एका दुपारी उरकल्या आणि पेनड्राईव्ह त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या काका, सगळं झालं. आता एवढ्या उन्हात यायची दगदग नको."

ते पेनड्राईव्हकडे बघत राहिले. "आणि मिलान?"

"आता चुका होत नाहीत, काका. पैसे देऊन घेतलंय."

"बरं झालं, बेटा," ते म्हणाले. "तुझा फार वेळ खाल्ला मी." चपला घातल्या आणि गेले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

मग ते आलेच नाहीत. या रविवारी जाऊन येऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत दिवाळीही उलटली. एक दिवस त्यांच्या शेजारच्या शकुंतलाबाई पिशवी घेऊन दुकानात आल्या. काका तापाने आठ दिवसांत गेले होते. "तुमच्या दुकानाचे कागद दिसले म्हणून आणले," त्या म्हणाल्या. "ही डबीसारखी वस्तूही होती. त्यांच्याकडे कॉम्प्युटर कुठला, हो!"

तो पेनड्राईव्ह होता. तो काका लावणार कुठे, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

पिशवीत आमची सगळी पानं होती. प्रत्येकाखाली गोल अक्षरात 'नकल' म्हणून काकांचं नाव आणि 'मिलान' म्हणून माझं. उरलेल्या अंकांची पानं त्यांनी दुसरीकडून छापून आणली होती. त्यांच्याखाली 'मिलान' लिहून पुढची जागा कोरी सोडलेली. सगळ्यात खाली ती कविता. गळालेली ओळ पेन्सिलीने भरलेली, आणि बाईंचा पिवळा पडलेला कागद टाचणीने लावलेला. कडेला लिहिलं होतं, 'दोघांनी वाचून कायम करणे.'

त्या दिवशी मी दुपारीच शटर अर्धं ओढलं. पिवळा कागद हातात धरून कविता मोठ्याने वाचली, सावकाश, पूर्णविरामांसकट. फार रडू आलं मला. पान समोरच्या स्टुलावर ठेवलं होतं, पण त्यावर बोट फिरवणारं कोणी नव्हतं. पेन उघडून मी कितीतरी वेळ बसले. माझं नाव काही मला तिथे लिहिता आलं नाही.