दहावा ब्लाऊजपीस

मोजणीत मी कच्चा आहे. शाळेच्या क्लार्कने हे लिहून देणं बरं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही.

राज्य तेव्हा आंध्र प्रदेश होतं आणि मी आदिलाबाद जिल्ह्यात जैनथकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत क्लार्क होतो. शाळेच्या दोन नव्या खोल्यांचा स्लॅब पडायचा होता. आमच्याकडे त्या दिवशी नारळ फुटला की, माल चढवायच्या आधी, कामावरच्या गड्यांना टॉवेल आणि बायांना कुंकू लावून ब्लाऊजपीस देतात. खरेदी हेडमास्तरांनी माझ्यावर टाकली. मी गुत्तेदाराला, म्हणजे बांधकामाच्या ठेकेदाराला, आकडा विचारला. गडी अकरा, बाया नऊ. शहाणा माणूस अशा वेळी दोन जास्तीचे आणतो. मीही आणले. टॉवेल.

सकाळी रांगेत बाया दहा उभ्या राहिल्या.

दहावी बाई सगळ्यांच्या मागे, पदर दातात धरून उभी होती. मी गुत्तेदाराकडे पाहिलं.

"अजी बाबू, ही आज सकाळीच आनली," तो म्हणाला. "मिक्सरवर एक बाई कमी पडत व्हती. हिलेबी द्या. स्लॅबच्या दिवशी बाई रिकाम्या हातानं ठेवू नये, नजर लागते."

त्याचं हे बोलणं मी पुढे बरेच दिवस उगाळलं. तेव्हा मात्र मला एवढंच सुचलं की घर जवळ आहे. घर म्हणजे त्याच गुत्तेदाराच्या वाड्यामागच्या दोन खोल्या, कमी भाड्याच्या. बायको पाच दिवसांसाठी नार्नूरला माहेरी गेलेली. मी तिची पेटी उघडली. वरच मोरपंखी रंगाचा, नारिंगी काठाचा एक पीस होता. तिच्या भावाने दिवाळीला दिलेल्या साडीतला, कापून शिवायला काढून ठेवलेला. ती यायच्या आत तसाच दुसरा आणून ठेवू, असं मनाशी ठरवलं आणि पळत शाळेत आलो. दहाव्या बाईने पीस कपाळाला लावला, कंबरेला खोचला आणि मिक्सरकडे गेली.

दुपारी तीनच्या सुमारास ते झालं. मिक्सरला खडी-वाळू टाकायचा एक लोखंडी डबा असतो. तो तारेने वर जातो, उलटा होतो, खाली येतो. डब्याखाली खडी अडकली होती, ती काढायला बाई हात घालून वाकली आणि तार सुटली. मशीनचा आवाज इतका होता की तिचा आवाज आधी कोणालाच ऐकू आला नाही.

जास्तीचे दोन टॉवेल तेव्हा कामी आले. गुत्तेदाराच्या जीपमध्ये मागे मी तिचा उजवा हात त्यात गुंडाळून धरून बसलो होतो. आदिलाबादच्या दवाखान्यात कागद लिहिणाऱ्याने विचारलं, कसं झालं? गुत्तेदार म्हणाला, "नवऱ्याची भाकर घेऊन आली व्हती. कामावरची नाई. मधातच घुसली."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन्ही बाह्या लाल झाल्या होत्या. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर गरोदर बायांच्या आहाराचा तक्ता होता. तो मी वरपासून खालपर्यंत वाचला. कागदावर भाकरच लिहिली गेली.

तिचा अंगठा राहिला आणि अर्धी करंगळी. मधली तीन बोटं गेली. माझ्या आईने लोकांच्या शेतात कापूस वेचून मला क्लार्क केलं आहे. कापूस वेचणाऱ्या बाईच्या उजव्या हाताची तीन बोटं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणूनच तो विषय निघाला की मी फायली नीट लावायला घ्यायचो. त्या वर्षी शाळेच्या फायली फार नीट होत्या.

बायको माहेरून आली आणि आठवड्याने तिला पीस आठवला.

"आवो, पेटीतला पीस कोठी गेला?"

"टेलरकडे टाकला असशील," मी म्हणालो. हे मी का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण खऱ्यातून मिक्सर निघाला असता, मिक्सरमधून दवाखाना आणि दवाखान्यातून तो तक्ता.

ती टेलरकडे गेली. टेलर म्हणाला, दिलाच नाही. ती म्हणाली, दिला. मग चार बायांसमोर ती त्याला काय काय म्हणाली हे मला टेलरनेच सांगितलं, माझ्या पॅन्टचं माप घेताना, जरा घट्ट. तेव्हापासून ती आमचे कपडे इचोड्याला बहिणीकडे पाठवून शिवून घ्यायची.

वर्ष होत आलं तेव्हा एका संध्याकाळी ती बाई नवऱ्याला घेऊन दारात आली. बायको पाण्याला गेली होती. बाईने हात पदराखाली ठेवला होता.

"बाबू, लेबर हापिसात अर्ज देला," नवरा म्हणाला. "तेथले साहेब म्हन्ते, मस्टरवर नाव नसलं तरी चालते. एका दिवसाची मजुरी असली तरी हक्क हाय. दोन वर्साच्या आत अर्ज पाह्यजे, तो झाला. पन ही कामावर व्हती असं सांगनारा कोनी पाह्यजे."

"बाकीचे मजूर?"

"त्याईले उद्या त्याच्याचकडं काम पाह्यजे ना, बाबू."

मी म्हणालो, बघू. सरकारी नोकर आहे, हेडमास्तरांना विचारावं लागेल. तेव्हा बाई पहिल्यांदा बोलली.

"मले तुमी पीस देला व्हता. कामावरची नसती तर देला असता काय?"

मी पटकन रस्त्याकडे पाहिलं, बायको तर येत नाही ना. त्या बाईच्या आयुष्याचा प्रश्न दारात उभा होता आणि मला भीती होती ती हंड्याची. येतो, म्हणालो. ते लवकर जावेत म्हणून म्हणालो, हेही लिहून ठेवतो.

हेडमास्तरांना विचारलं तर त्यांनी दार लावून घेतलं. "गुत्तेदार नाही म्हणाला तर ते शाळेवर येते काय? आमच्या पेन्शनवर येते काय?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, मग तुम्ही रजेवर जा, मला काही सांगितलंच नाही असं समजा. गुत्तेदाराला मात्र कोणीतरी सांगितलं. त्याने भाडं मागितलं नाही, शिवी दिली नाही. अंगणात दात घासत उभा होता, तिथून म्हणाला, "बाबू, अदिलाबादले चालले म्हन्ते तुमी. जा. आपल्या खोलीत राह्यता, आपलेच हा तुमी." त्यानंतर मला दोन रात्री झोप लागली नाही.

लेबर ऑफिसात साक्ष आहे, एवढंच मी बायकोला सांगितलं होतं. तारखेच्या सकाळी ती म्हणाली, मीबी येते, दात दाखवायचा हाय. आणि आदिलाबादला जायचं म्हणून तिने पेटीतली चांगली साडी काढली. मोरपंखी, नारिंगी काठाची. त्यावर काळा ब्लाऊज, कारण मूळचा टेलरने खाल्ला होता. बसमध्ये ती मला दाखवत होती, "पाहा, ह्या काठात पांढरा दोरा गेला. ह्या टोकापासून त्या टोकापावत. भावानं सस्ती पाहून आनली अन् मले कोनी सांगतलं नाई." मी हो हो म्हणत होतो. तिने दात दाखवून थेट बाजारात जावं, हे मी तिला चार प्रकारे सुचवलं. तिला दातापेक्षा लेबर ऑफिस बघायचं होतं.

ऑफिसबाहेर बाकावर ती बाई बसली होती. माझी बायको तिच्याशेजारीच जाऊन बसली. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी पडद्याआड गेलो. मागे एकदा वळून पाहिलं. बाई पिशवीतून काहीतरी काढत होती.

अधिकारी तेलुगू होते, आमच्याशी हिंदीत बोलायचे. टेबलापलीकडे गुत्तेदार आणि त्याचा वकील. सांगायचं ते मी सांगितलं: नारळ, रांग, नऊ आणि दहा, गुत्तेदाराचं नजर लागण्याचं बोलणं. गुत्तेदार छताकडे बघत होता. वकील उठला. माणूस गोड बोलायचा.

"बाबू, बाजार से नौ लाए. दसवां कहां से आया?"

"घर से."

"किसका था?"

"मेरी घरवाली का."

"उसको पूछ के दिया?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मतलब बिना पूछे. पेटी में से निकाल के, दूसरे की औरत को." कोणीतरी हसलं. "उस दिन दिया, या और किसी दिन? कितने दिन की पहचान है, बाबू? शरमाओ मत."

आता काय बोललो असतो तरी ते तसंच दिसलं असतं. नाही म्हणालो तर आणि गप्प राहिलो तर. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं होतं, आणि त्या खाली ठेवलेल्या पेनाकडे पाहून मला कळलं की बाईचा अर्ज माझ्यासकट बुडतो आहे. मला शाळेत, गावात काय म्हणतील ते नंतरचं. दवाखान्याच्या कागदावरची भाकर आज कायमची पक्की होणार होती, आणि तीही माझ्याच हातून.

पडदा हलला.

"साब," माझी बायको म्हणाली, "इनको क्या पूछते. मेरे को पूछो. पेटी मेरी है."

वकील म्हणाला, ये कौन? अधिकारी म्हणाले, बोलू द्या, बयान लिहून घेतो. बायकोच्या हातात तो पीस होता. शिवलेला नव्हता. शिवायला बाईकडे काय होतं? ऑफिसात दाखवायला म्हणून पिशवीत घेऊन आली होती. बायकोने पीस टेबलावर पसरला आणि त्याच्याशेजारी खांद्यावरचा पदर.

"ये देखो, काठ. ये सफेद दोरा इधर भी जाता, उधर भी जाता. मेरे भाई को दुकानदार फसाया, उसका दोरा है." मग तिची हिंदी संपली आणि ती सरळ मराठीत आली, आणि अधिकारी ऐकत राहिले. "मी माहेरी गेली तवा हा पेटीत व्हता. पाच दिवसानं आली तवा नव्हता. त्या पाच दिवसांत गावात एकच स्लॅब पडला. अन् ह्या मानसाले बाईले पीस द्यायची अक्कल असती, तर इतक्या वर्सांत मले एखादा आनला असता."

अधिकाऱ्यांना मराठी येत नाही असं मी समजत होतो. ते हसले, म्हणजे येत असावी. मग गंभीर झाले आणि पेन उचललं. पीस उजेडात धरला, पदराला लावला, दोरा बोटाने शेवटपर्यंत नेला. गुत्तेदाराला विचारलं, "आप के यहां उस दिन औरतों को कपड़ा देते हैं ना? काम पर जो होतीं, उनको?" गुत्तेदार म्हणाला, रिवाज आहे. "भाकर लाने वाली को भी?" वकील काही बोलायला गेला. अधिकाऱ्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि लिहायला घेतलं.

हुकूम पुढच्या तारखेला आला. ती त्या दिवशी मजूर होती, कामावर होती, दुखापत कामातली. डॉक्टरांनी लिहिलेल्या हिशेबाने भरपाई गुत्तेदाराने ऑफिसात जमा करायची, तिथून तिच्या हातात. त्याने तीन वेळा पुढची तारीख मागून जमा केली. आम्ही त्याच्या खोल्या त्याआधीच सोडल्या होत्या. सोडल्या म्हणजे, एका सकाळी आमचा हंडा आणि चूल अंगणात ठेवलेली सापडली.

पण त्या दिवशीची परतीची बस मला जास्त लक्षात आहे. बायको खिडकीशी बसली होती. तिने पाण्याला, ज्वारीला, रस्त्याला कशालाच काही नाव ठेवलं नाही. लांडसांगवी मागे पडलं. मी म्हणालो, "त्या दवाखान्यातपण मी होतो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"ते तिनं सांगतलं मले," ती म्हणाली. "तुमी भिताडाकडं पाहून राह्यले व्हते म्हने."

मग तिने पदर मांडीवर घेतला आणि पांढऱ्या दोऱ्यावरून नख फिरवलं.

"उद्या टेलरच्या दुकानात चला. पीस तुमी नेला व्हता असं त्याले तुमी सांगा, चार बाया असतीन तवा. मी बाहीर उभी राह्यते. अन् त्या बाईचा पीस मी संगं आनला, तो शिवायले टाका, माप मी घेतलं. हुक नोको लावू म्हना पन. त्या हातानं हुक लागत नाई. टिचबटनं लाव म्हना. मोठाली."