भाऊजींच्या टीव्हीची काच

माझे थोरले दीर आणि मी तेहतीस वर्षं एका घरात राहिलो, पण आमचं बोलणं असं कधी झालं नाही. भांडण नव्हतं. पद्धतच तशी होती. भाऊजी नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. ड्युटीवरून ते घरी आले की मी पदर सावरून स्वयंपाकघरात जायचे. त्यांना काही हवं असलं तर ते जाऊबाईंना सांगायचे आणि जाऊबाई मला. "त्यांना विचारा, भाजी आणखी वाढू का?" असं मी त्यांच्या समोर उभी राहून जाऊबाईंना म्हणायचे. यात आम्हा तिघांपैकी कोणालाच काही वावगं वाटायचं नाही.

जाऊबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला होती, त्यामुळे भाऊजी इंदिरानगरच्या या घरात आमच्याबरोबरच राहिले. निरोप पोचवायचं काम माझ्या मिस्टरांकडे आलं. आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे, ते दिवसभर तिकडे. म्हणजे दिवसभर घरात दोन माणसं आणि आवाज फक्त कुकरच्या शिट्टीचा.

मग भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात जेमतेम सुधारला, बोलणं मात्र गेलं. अगदी सगळं गेलं असंही नाही. एक शब्द राहिला. "बरोबर." चहा हवा असला तरी बरोबर, नको असला तरी बरोबर. पंखा लावायचा असला तरी तेच. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं, हिशेब जागेवर आहे. शब्द तेवढा सापडत नाही." भाऊजी समोरच बसले होते. ते मान हलवून म्हणाले, "बरोबर." हसावं की रडावं ते आम्हाला कळेना.

त्यांच्या खोलीत एक जुना रंगीत टीव्ही होता. लाकडी खोक्याचा, चार माणसांनी उचलावा असा जड. वीज केंद्रात यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने परत जाताना तो विकला होता आणि भाऊजींनी तो घेतला होता. आमच्या गल्लीतला तो पहिला रंगीत टीव्ही. मी लग्न होऊन आले तेव्हाही चालू होता. पुढे बाहेरच्या खोलीत नवा आला आणि हा जाऊबाईंनी विणलेल्या आच्छादनाखाली राहिला.

झटक्यानंतर काही महिन्यांनी भाऊजींनी ते आच्छादन काढलं आणि रोज सकाळी डाव्या हाताने पडद्याची काच पुसायला लागले. काचेवर कडेने पांढुरके डाग होते, पावावर बुरशी धरते तसे. पुसून जात नव्हते. एक दिवस मला राहवलं नाही. काच पुसणं हे माझं रोजचं काम. दुकानातल्या फ्रेमच्या काचा, काचेला चिकटून बसलेले लोकांच्या आजोबांचे फोटो, हे सगळं घरी माझ्याकडेच येतं. मी स्पिरिट आणि मऊ फडकं घेऊन गेले. दहा मिनिटं घासलं. डाग हलेना. मग तिरक्या उजेडात डोकं खाली घालून पाहिलं तेव्हा कळलं, डाग काचेवर नव्हते, काचेच्या आत होते.

"आत आहेत हो," मी म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते माझं मलाच ठरवता आलं नाही.

"बरोबर," भाऊजी म्हणाले.

मिस्टर म्हणाले, भंगारवाल्याला देऊन टाकू. पण मी भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले. आता ते मिक्सर आणि इस्त्र्याच दुरुस्त करतात. मी मोबाईलवर काढलेला फोटो त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला.

"लय वर्षांनी बघितला हा," ते म्हणाले. "याला आम्ही मोतीबिंदू म्हणायचो. या जुन्या पिक्चर ट्यूबला पुढून दुसरी काच चिकटवलेली असायची. ट्यूब फुटली तर समोर बसलेल्याला लागू नये म्हणून. मधला गोंद इतक्या वर्षांनी खराब होतो, कडेने हवा शिरते, तेच हे डाग."

"निघतं का?"

"निघतं. गरम करून वरची काच सोडवायची, गोंद खरवडायचा, परत बसवायची. पण मी नाही करणार, ताई. माझा हात थरथरतो आता, आणि ट्यूबच्या आत हवा नसते, चूक झाली तर बॉम्बसारखी फुटते."

"मी केलं तर?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग काय काम करता म्हणून विचारलं. मी सांगितलं. काचेवरून चिकटलेला फोटो कसा सोडवता, तेही विचारलं. मी तेही सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "ट्यूब बाहेर काढून देतो मी. आतला करंट उतरवून देतो. परत बसवायलाही येईन. मधलं काम तुमचं. ट्यूबच्या मागच्या बारीक मानेला हात लावायचा नाही, आणि जोर लावायचा नाही."

मे महिना सुरू होता. मेकॅनिक आले, मिस्टरांनी त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं, आणि दोघांनी मिळून ट्यूब गच्चीवर नेली. दोन जुने टायर एकावर एक ठेवून त्यात ती बसवली, मान खाली, तोंड आभाळाकडे. वरून काळी चादर. दुपारी बारा ते तीन नाशिकचं ऊन जेवढं तापवतं तेवढं पुरे होतं. गोंद मऊ पडला की कडेची जुनी पट्टी कापायची आणि मासे धरायची दोरी दोन काचांच्या मधे घालून करवतीसारखी मागेपुढे ओढायची. मेकॅनिकनी हे सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं की करवतीला दोन टोकं असतात.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दोरी घेऊन बसले. एक टोक गच्चीच्या कठड्याला बांधून पाहिलं. जमेना. तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं. भाऊजी एकेक पायरी थांबत वर आले, डोक्यावर ओला पंचा. प्लास्टिकचं स्टूल ओढून ट्यूबच्या पलीकडे बसले आणि डावा हात पुढे केला. मी दोरीचं टोक लाटण्याच्या तुकड्याला बांधून त्यांच्या हातात दिलं.

आम्ही दोरी ओढायला लागलो. त्यांनी ओढायचं, मी सैल सोडायचं. मग मी ओढायचं. सुरुवातीला दोघंही एकदमच ओढत होतो आणि दोरी जागची हलत नव्हती. थोड्या वेळाने लय सापडली. दोरी गोंदात शिरताना करकर असा बारीक आवाज यायचा. मी नजर काचेवरच ठेवली होती. वर बघितलं असतं तर समोर भाऊजी होते, आणि डोक्यावर पदर घ्यायला माझे हात मोकळे नव्हते.

दोन दुपारी असं चाललं. तिसऱ्या दुपारी पाऊण भाग सुटला. एका कोपऱ्याशी काच मोकळी दिसली म्हणून मी प्लास्टिकची पट्टी आत सरकवली आणि किंचित वर उचलून पाहिलं.

"बरोबर!" भाऊजी म्हणाले.

मी थोडं आणखी दाबलं.

"बरोबर! बरोबर!" ते मोठ्याने म्हणाले. मला वाटलं, काच निघाली म्हणून त्यांना आनंद झाला आहे. मी जोर लावला.

टिक असा आवाज झाला. कोपऱ्यापासून आत, चार बोटं लांब, केसासारखी रेघ उमटली.

भाऊजींनी लाकडाचा तुकडा जमिनीवर टाकला, भिंतीला धरून उभे राहिले आणि जिना उतरून गेले. मी तिथेच बसून राहिले. मागची ट्यूब शाबूत होती, तडा फक्त वरच्या काचेला गेला होता. पण अशी वाकलेली काच आता कुठे मिळणार? आमच्या दुकानात सपाट काच सोडून दुसरी नाही.

त्या संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत. मिस्टर म्हणाले, "सोड ना आता. उगाच नसता उद्योग." सकाळी चहालाही आले नाहीत. मग मी चहाचा कप घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलले.

"भाऊजी, तुम्ही बरोबर म्हणालात म्हणून मी दाबलं. तुम्हाला थांब म्हणायचं होतं, हे मला कसं कळावं? जाऊबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. त्या नाहीत. आता तुम्हालाच मला सांगावं लागेल, आणि मला तुम्हाला विचारावं लागेल."

बोलून झाल्यावर पाहिलं तर चहा बशीत सांडला होता. भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग ते वळले. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा रागावलेला नव्हता. त्यांनी डावा हात वर केला, तळवा माझ्याकडे, बोटं जुळलेली.

"थांब?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग अंगठा आणि पहिलं बोट हळूहळू एकमेकांजवळ आणलं.

"हळू?"

पुन्हा मान. मग तर्जनी हवेत गोल फिरवली.

"चालू दे?"

"बरोबर," ते म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच बरोबर होतं.

संध्याकाळी मी हे मिस्टरांना सांगितलं तर ते चमकून माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "अगं, टर्बाईनच्या आवाजात तिथे कोणाला काही ऐकू यायचं नाही. दादाची सगळी नोकरी हाताच्या खुणांवर गेली. घरात आम्हाला कोणाला त्या येत नाहीत, म्हणून कधी केल्या नसतील." मग म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." त्यानंतर त्यांनी त्या कामाला उद्योग म्हटलं नाही.

त्याआधी, त्याच दिवशी दुपारी भाऊजी वर आले होते ते कामावरचा जुना संरक्षक चष्मा घेऊन. एकच होता. तो त्यांनी मला दिला. मी नको म्हणाले तेव्हा तळवा वर केला. वाद संपला.

काच चौथ्या दुपारी सुटली. तड्यावर मी आधीच आमची फ्रेमची पारदर्शक पट्टी लावली होती, त्यामुळे ती एकसंध आली. आतला गोंद पिवळट, थलथलीत, थंड झालेल्या पेजेसारखा होता. वास आंबूस. भाऊजींना तो सहन होत नव्हता, तरी उठले नाहीत. गरम साबणाचं पाणी, प्लास्टिकची पट्टी, मग स्पिरिट. चार दिवस मी खरवडत होते. भाऊजी वाकून बघायचे आणि राहिलेल्या जागी बोट दाखवायचे. माझ्यापेक्षा त्यांची नजर तीक्ष्ण होती.

या चार दिवसांत मी खूप बोलले. का कोण जाणे, हात चालू असले की तोंड चालतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी भाजीत दोनदा मीठ घातलं होतं आणि भाऊजींनी एक शब्द न बोलता ताट संपवलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. जाऊबाईंनी मला मागाहून सांगितलं होतं की नंतर ते तांब्याभर पाणी प्यायले. भाऊजी हसले. आवाज न करता, खांदे हलवून. मी त्यांना हसताना किती वेळा पाहिलं असेल? मोजके प्रसंग असतील, तेही दाराआडून.

शेवटी दोन्ही काचा कोरड्या, लख्ख झाल्या. गोंद परत भरायचा नाही, असं मेकॅनिकनी सांगितलं होतं. कडेला दुहेरी चिकटपट्टी लावून वरची काच बसवली आणि बाहेरून फ्रेमची टेप गुंडाळली. काच ठेवताना दोन्ही टोकांना दोघं होतो. त्यांचा उजवा हात पूर्ण उघडत नाही, म्हणून त्यांनी तो खालून आधाराला लावला.

मेकॅनिक येऊन ट्यूब बसवून गेले. केबलचा डबा जोडायला त्यांनी मधे काहीतरी लहान खोकं लावलं. चालू केल्यावर मिनिटभर नुसता गुणगुण आवाज आला, मग पडद्यावर हळूहळू उजेड आला आणि एक बाई भेंडीची भाजी करताना दिसली. भेंडी जरा जास्तच हिरवी होती आणि बाईही थोडी हिरवट. मेकॅनिकनी मागे हात घालून रंग सारखा केला. डाग कुठेच नव्हते. कोपऱ्यातली रेघ होती, ती अजून आहे. दिवसा उजेडात दिसते.

तो टीव्ही आता भाऊजी संध्याकाळी तासभर बघतात. त्यांचं बोलणं सुधारलेलं नाही आणि डॉक्टरबाईंनी तशी फार आशाही दाखवलेली नाही. पण घरात आता सगळ्यांना दहा-बारा खुणा येतात. पुण्याहून त्यांची मुलगी आली होती, ती तीन दिवसांत शिकली आणि आता मोबाईलवर व्हिडिओ कॉलमध्ये बापलेक हातवारे करत बसतात. मी पदर अजून घेते, सवयीने. दाराआड मात्र उभी राहत नाही.

मागच्या महिन्यात मेकॅनिकचा फोन आला. जुने टीव्ही गोळा करणाऱ्या कोणाची तरी अशीच एक ट्यूब आहे, कराल का म्हणाले. मी म्हटलं, पावसाळा आहे, ऊन कुठून आणू? हे भाऊजींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी वाणसामानाची वही ओढून घेतली आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांनी एक लाकडी पेटी काढली. आत चार दिवे, मधे ट्यूब, वर झाकण, बाजूला उष्णतामापक. सुताराकडून पेटी आली आहे. दिव्यांचे होल्डर बसवायचं काम सध्या गच्चीवरच्या खोलीत चालू आहे. स्क्रू ते धरतात, मी फिरवते.