मामांच्या बोटीचं होम टाउन

आमच्या हिच्या मामांइतका परतीचा विचार करणारा माणूस मी लखनौत काय, अख्ख्या हिंदुस्थानात पाहिलेला नाही. लग्नाला गेलं की माणसं आधी मांडव बघतात, नवरी बघतात, फार तर पंगत कुठं बसणार याचा अंदाज घेतात. मामा आधी आपल्या चपला उलट्या फिरवून त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून ठेवतात. स्कूटर लावतील तर निघायच्या तोंडानं लावतील, मग ती वळवताना शेजारच्या चार स्कूटरी आडव्या झाल्या तरी बेहत्तर. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की त्यांच्या हिशेबी टाकी संपली, कारण उरलेलं अर्धं परतीचं. एकदा सगळे मिळून नैनितालला निघालो होतो, तर सीतापूर यायच्या आत त्यांनी तीनदा चौकशी केली की येताना या बाजूला चहा कुठं मिळेल. "जायला काय, कुणीही जातं," ते म्हणत, "येण्याचं आधी बाजूला काढून ठेवावं." आणि असा हा माणूस चाळीसेक वर्षांपूर्वी रेल्वेच्या नोकरीवर कऱ्हाडहून लखनौच्या मानकनगरला आला, तो परत गेलाच नाही. निवृत्त झाले, क्वार्टर सोडली, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर बांधलं, दारात कढीपत्ता लावला. कऱ्हाडला मामींच्या बहिणीशेजारी घेतलेलं दोन खोल्यांचं घर मात्र बारा वर्षं कुलपात होतं. मामी दर दिवाळीला त्याची आठवण काढायच्या, आणि मामा दर दिवाळीला "बघू" म्हणायचे.

नोकरीत मामांचं काम चाचण्या घेण्याचं. डब्यांची स्प्रिंग म्हणा, ब्रेक म्हणा, जे समोर येईल त्याच्यात खोट काढायची आणि ती वहीत नोंदवायची. ही सवय निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर घरी आली. त्यांच्या वहीत कुठल्याच गोष्टीला कधी 'यशस्वी' हा शेरा मिळाला नाही. सगळ्यांत वरचा शेरा 'समाधानकारक, परंतु' हा होता, आणि तो मामींच्या पुरणपोळीलाही चुकला नव्हता. दुसरी सवय फॉर्म भरण्याची. कुठलाही फॉर्म दिसला की मामा ताठ बसत, पेन झटकत आणि एकही रकाना मोकळा सोडत नसत. सरकारी नोकराला गावी जायला सवलतीचा प्रवास मिळतो, त्यासाठी आपलं 'होम टाउन' कोणतं ते कचेरीत जाहीर करावं लागतं. मामांनी पस्तीस वर्षं त्या रकान्यात 'कऱ्हाड, जि. सातारा' असं लिहिलं. त्यांचे कितीतरी सहकारी सोयीप्रमाणे गाव बदलून घेत. "नियमात आहे, एकदा बदलता येतं," मामा सांगत, आणि मग छाती पुढं काढून पुस्ती जोडत, "मी बदललं नाही."

तर अशा माणसाच्या डोक्यात बोट शिरली. एका संध्याकाळी गोमतीच्या घाटावर शेंगदाणे खात बसले असताना त्यांनी ठरवलं की आपण एक छोटी बोट करायची. तिच्यात माणूस नको, डिझेल नको, वल्हं नको. उन्हावर चालेल, आपली आपण पलीकडच्या काठाशी जाईल आणि आपली आपण परत येईल. मामींनी विचारलं, याचा उपयोग काय. मामा म्हणाले, नदीच्या मधल्या पाण्याचे नमुने आणेल. मामींनी विचारलं, ते नमुने घेऊन तुम्ही काय करणार. असा अडचणीचा प्रश्न आला की मामा मोठी घोषणा करून मोकळे होतात. त्या दिवशीची घोषणा अशी होती: "ही बोट ज्या दिवशी एकटी जाऊन परत येईल, त्या दिवशी आपणही परत. सामान बांधायचं, कऱ्हाड."

मामींनी हे वाक्य पदरात गाठ मारून ठेवलं. आमच्या घरी मात्र ही गोष्ट ऐकून हिचा चेहरा पडला. परमुलखात माहेर म्हणायला तिला हे एकच घर होतं, आणि आमच्या महानगर मोहल्ल्यापासून वृंदावन योजना कितीही लांब असली तरी आमचा रविवार तिथंच जायचा.

नळाचे दोन जाड पाइप तोंडं बुजवून शेजारी शेजारी बांधले, वर फळी टाकली, फळीवर सोलरची दोन पॅनेलं, मागं दोन छोट्या मोटरी, आणि वाट दाखवायला एक काडेपेटीएवढी इलेक्ट्रॉनिक पेटी. बॅटरी म्हणून मामांनी पहिल्यांदा ई-रिक्षाची जुनी बॅटरी आणली. ती ठेवताक्षणी बोटीनं नाक पाण्यात घातलं आणि ती गोमतीचा तळ बघायला निघाली. आमची लेक लखनौत वाढलेली, मराठी समजते पण बोलताना लिंगाचा पार चिवडा करते. तिनं घाटावरून मामींना फोन लावून सांगितलं, "मामीआजी, आजोबांचं बोट गेलं पाण्यात." मामी हळद आणि स्वच्छ फडकं घेऊन रिक्षानं घाटावर पोचल्या. मामांची दहाही बोटं जागच्या जागी पाहून त्यांचा जो संताप झाला, तो बोट बुडाल्याच्या दुःखापेक्षा फार मोठा होता.

तेव्हापासून मामांना वजनाचा ध्यास लागला. लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्या. प्रत्येक स्क्रू दारावर येणाऱ्या सब्जीवाल्याच्या तराजूत पडू लागला, आणि तो भला माणूसही "बाबूजी, आज क्या तौलना है?" असं विचारूनच भेंडी काढायचा. मग उन्हाची भांडणं सुरू झाली. गच्चीवरचं ऊन आजवर मामींच्या वाळवणाचं होतं, त्यात मामांनी पॅनेलांची चाचणी मांडली. एके दिवशी वीज एकदम घटली. मामा मीटर घेऊन तासभर तारा तपासत राहिले, तेव्हा पॅनेलच्या कोपऱ्यावर मामींनी जागा कमी पडली म्हणून ठेवलेल्या चार कुरडया सापडल्या. मामांनी वहीत लिहिलं, 'पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सबंध पॅनेल मान टाकते.' वर मामींना समजावूनही सांगितलं. मामी म्हणाल्या, हे त्यांना लग्नापासून ठाऊक आहे, या घरात एक कोपरा बिनसला की सगळं घर मान टाकतं. थंडीत इथला कोहरा, म्हणजे दाट धुकं पडलं आणि आठ-आठ दिवस सूर्य दिसेना, तेव्हा तर मामा तो आपला वैयक्तिक अपमान समजत. मफलर गुंडाळून गच्चीवर उभे राहत आणि आभाळाकडे असे बघत, की वरच्या साहेबाला मेमो देणार आहेत.

बोटीचा कायदाही मामांनी स्वतःच्या स्वभावावरून केला होता. बॅटरीचे शंभर भाग धरले तर जायला चाळीस आणि यायला साठ. येताना ढग येईल, वारा उलटा असेल, जलकुंभीत, म्हणजे आपल्या जलपर्णीत, पंखा अडकेल, म्हणून परतीचा वाटा मोठा. चाळीस संपले की बोटीनं जिथं असेल तिथून घराकडे वळायचं. बिचारी इमानानं वळायची, कधी पाच हातांवरून, कधी मधल्या धारेतून, आणि दरवेळी कुठंतरी अडायची. मग घाटावरचा म्हातारा नाववाला आपली नाव घालून तिला ओढून आणायचा. चाळीस चाचण्या झाल्या. चाळीस वेळा 'समाधानकारक, परंतु'. हिला आणि मला हळूहळू संशय येऊ लागला की त्या 'परंतु'त काहीतरी पाणी मुरतंय. एकदा तर बोट चांगली चालली असताना मामांनीच तिला थांबवलेलं मी पाहिलं. विचारल्यावर म्हणाले, आवाज बरोबर नव्हता. मला तर कसलाच आवाज आला नव्हता. त्या वर्षी दिवाळीत मामींनी कऱ्हाडच्या घराचं नावही काढलं नाही. ते मला बरं वाटलं नाही.

एक्केचाळिसाव्या चाचणीच्या आधी मामांनी त्या पेटीतलं सगळं पुसून माहिती नव्यानं भरली. जेवणाच्या टेबलावर ताठ बसून, चष्मा पुसून, एकही रकाना मोकळा न सोडता. दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन होतं. आम्ही सगळे घाटावर होतो, मामी पण आल्या होत्या. बोट निघाली, मधली धार तिनं कापली, पलीकडच्या काठाशी गेली आणि वळली. मामींनी माझ्या हिचा हात धरला. बोट सरळ आमच्याकडे येत होती, आणि येता येता ती आमच्या उजवीकडून पुढं गेली. पन्नास पावलांवर घाटाच्या दगडी पायरीला जाऊन थडकली. थडकून थांबली असती तर ठीक, पण ती थांबेना. दोन्ही मोटरी चालू ठेवून पायरीला नाक लावून ढकलत राहिली. मामांनी तिला हातानं आमच्या दिशेला फिरवलं. ती परत वळली आणि पुन्हा त्याच दिशेनं पायरीला ढुशा देऊ लागली. मामा तिच्यापुढं गुडघाभर पाण्यात उभे, आणि ती आता त्यांच्या पोटऱ्यांना ढुशा देतेय.

कंपास बिघडला म्हणत मामांनी मोबाइलवर पेटीची माहिती उघडली, आणि ते बघतच राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. बॅटरी साठ टक्के. घर बाराशे सत्तर किलोमीटर, दिशा नैर्ऋत्य.

पेटीनं 'होम' विचारलं होतं. बोटीनं परत कुठं यायचं, एवढंच तिला हवं होतं, घाटाची पायरी सांगितली असती तर भागलं असतं. पण रकाना दिसला आणि मामांच्या हातानं पस्तीस वर्षांचं उत्तर भरलं. बोट गोमतीतून सरळ कऱ्हाडला निघाली होती.

मामी पायऱ्या उतरून खाली आल्या. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्यांचे डोळे भरले होते. "म्हणजे तुमच्या मनात होतं तर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, विसरलात."

मामा चाचपडत म्हणाले, की चाचणी फसलीच आहे, बोट परत कुठं आली, रस्ता अडला. नाववाला बिडी बाजूला करून म्हणाला, "बाबूजी, नाव तो ठीकै है। रस्ता तो आपै रोके खड़े हैं।"

मामा खाली बघून हसले आणि पाण्यातून बाजूला झाले. मग पायरीवर बसून त्यांनी वही मागितली, पेन झटकलं आणि लिहिलं, 'चाचणी क्र. ४१. यशस्वी.' पुढं परंतु नव्हता.

होळीनंतर मामा-मामी कऱ्हाडला गेले. स्टेशनवर ही हमसून रडली, आणि मामा तिला गाडीत पाणी कुठं मिळतं ते सांगत राहिले. बोट त्यांनी मला दिली. आता दर रविवारी काय करायचं हा प्रश्न होताच, म्हणून परवा ऊन बघून मी ती घाटावर नेली. पेटीला हात लावायची माझी छाती नव्हती. बोट पुन्हा कऱ्हाडची वाट धरणार हे गृहीत धरून मी तिकडच्या पायरीवर पँट वर करून उभाही राहिलो. ती पलीकडं गेली, वळली, आणि आली ती थेट घाटाच्या त्या पायरीशी, जिथं मामा शेंगदाणे खात बसायचे. तिथं मोटरी बंद करून गुपचूप उभी राहिली.

मी तिथूनच मामांना फोन लावला. त्यांनी आधी बॅटरी किती उरली ते विचारलं. मग सांगितलं, की मामी मंडईत अजून "भैया, धनिया डाल देना" म्हणतात आणि भाजीवाली हसते. मी म्हटलं, मामा, बोट परत आली, बरोबर तुमच्या पायरीशी.

पलीकडं वहीची पानं चाळल्याचा आवाज आला.

"नियमात आहे रे," मामा म्हणाले. "होम टाउन एकदा बदलता येतं."