वाकड्या मानेची दुर्बीण

बुवापाड्यातल्या किसन भोईरला उजव्या डोळ्याने दिसत नाही. ही गोष्ट तो स्वतःच इतक्या लवकर सांगून टाकतो, की समोरच्याला हळहळायला वेळच मिळत नाही. उल्हासनगरच्या एका कारखान्यात तो छपाईचं काम करायचा. टॉर्च, रेडिओ, घड्याळं, जे येईल त्यावर शेठ सांगेल ते नाव आणि शेठ सांगेल तो आकडा छापायचा. दहा वर्षांपूर्वी छपाईची जाळी धुताना केमिकल उडालं आणि डोळा गेला. पुढे त्याला पालेगावच्या तळ्यावर पक्षी बघायचा नाद लागला, तेव्हा दोस्तांनी मोठ्या प्रेमाने वर्गणी काढून दुर्बीण आणून दिली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन म्हणतात. इथे डोळा एक आणि नळ्या दोन. किसनने ती आनंदाने गळ्यात घातली आणि आठ वर्षं अर्धीच वापरली.

सकाळी तळ्यावर जायचं आणि आल्यावर चहाला आधण येईपर्यंत बायकोला, तुळशीला, सगळं सांगायचं हा त्याचा नेम. टिटवीने अंडी घातली, शराट्यांचा थवा उतरला, हळदीकुंकू बदकं दिसली. या बदकाच्या काळ्या चोचीला टोकाशी पिवळा रंग आणि मुळाशी लाल ठिपके असतात, म्हणून ते नाव, हे त्याने तिला शंभरदा सांगितलं असेल. तुळशी पीठ मळता मळता "हो का?" म्हणायची. माहेर तिचं पालेगावच, पण आता गुडघ्यांनी दगा दिलाय. बांध उतरून पाण्याजवळ जाणं तिला जमत नाही, आणि रिक्षा थांबते त्या रस्त्यावरून बदकं म्हणजे पाण्यावर सांडलेले तीळ.

यंदा गणपतीनंतर तुळशीची भिशी लागली, पंचवीस हजारांची. तिने पाकीट किसनच्या हातात ठेवलं. "ती लांबचं दिसायची दुर्बीण हाय ना, एका नळीची, ती घ्या," म्हणाली. "मना काय करायचेत पैसे?"

किसनने पाकीट कपाळाला लावलं. त्याने तेव्हाच मनाशी ठरवलं, की या दुर्बिणीतून पहिलं बदक तुळशीने बघायचं. आठ वर्षं जिने नुसतं ऐकून घेतलं, तिला एकदा तरी ते दिसायला हवं. तिच्या पैशांची दुर्बीण आणि तिलाच काही दिसलं नाही, तर मग ती आपण कोणत्या तोंडाने डोळ्याला लावायची?

उल्हासनगरात दिपेशचं दुर्बिणींचं दुकान आहे. गडी सिंधी, पण मराठी बोलायला लागला की आपण दम खायचा आणि त्याने बोलायचं. त्याने आधी एक चकचकीत नळी पुढे केली. "अंकल, ये देखो, शंभर पट झूम. एकच पीस राहिलाय."

किसनने त्या आकड्यावरून नख फिरवलं. "दिपेशशेठ, असे शंभर मी दिवसाला हजार छापलेत. सकाळी साठ छापायचो, जेवण झालं की शेठ म्हणायचा, आता शंभर कर."

दिपेश खो खो हसला आणि नळी मुकाट्याने कपाटात गेली. नाव मोठं, लक्षण खोटं असला माल छापणाऱ्यालाच विकायला निघालं की असं होतं. मग मात्र तो खरं बोलायला लागला. दोघे एका नळीच्या दोन बऱ्यापैकी दुर्बिणी, म्हणजे स्कोप, घेऊन गॅलरीत गेले आणि लांबच्या टाकीवरचं बारीक नाव वाचत बसले. झूम वाढवला की अक्षरं मोठी व्हायची, पण काळवंडायची आणि थरथरायची. कमी झूमवर ती लहान दिसायची, पण स्वच्छ.

"झूमच्या मागे जाऊ नका," दिपेश म्हणाला. "पुढची काच आणि खालचा स्टँड बघा. तुमच्या बजेटमध्ये हा सरळ नळीचा घ्या. काच मोठी आहे. नाकासमोर धरला की पक्षी सापडला. एका डोळ्याला हाच सोपा. स्टँड तेवढा हलका येईल."

किसनलाही तोच आवडला होता. दुसऱ्याची काच लहान, आणि डोळा लावायची बाजू वर वाकलेली. त्यात मान खाली घालून बघायचं, म्हणजे नळी कुठे रोखली आहे तेच कळत नाही.

"खुर्चीवर बसून बघायचं असेल तर?" किसनने विचारलं. "माणूस बुटकं असेल तर?"

"मग वाकड्या मानेचाच. पण तुम्ही तर चांगले उंच आहात अंकल."

"मग तो वाकडाच दे. आणि उरलेल्या पैशात भक्कम स्टँड."

आपल्याला सोपं ते सोडून त्याने अवघड ते घरी नेलं, आणि त्याची फळंही लगेच भोगली. आठवडाभर गच्चीवर सराव चालला होता. कावळा बघायला जावं तर नळीत समोरच्यांच्या चादरी. शेवटी त्याने नळीवर प्लॅस्टिकची पट्टी आवळली, तिचं टोक वर उभं ठेवलं आणि त्यावरून नेम धरायला शिकला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्याने तुळशीला रिक्षात घातलं. रस्त्याकडेच्या चहावाल्याने प्लॅस्टिकची खुर्ची दिली. किसनने स्टँड बुटका केला, नेम धरला, आणि कालच तुळशीला सांगितलेली पिल्लंवाली बदकाची मादी सापडल्यावर श्वास रोखून बाजूला झाला. तुळशीने एका डोळ्यावर पदर धरला आणि दुसरा नळीला लावला. किसन तिच्या खांद्याशी वाकला.

"दिसतंय ना? चोचीचं टोक पिवळं, आणि..."

"दिसतंय. पिल्लं किती सांगितलीत तुमी?"

"सात."

"नऊ हायत. दोन मागं गवतात हायत. कमजोर पिल्लं अशी मागंच रेंगाळतात." तिने नळीवरचा डोळा काढला नाही. "आमच्या भातात घरटी असायची यांची. भात कापताना बापूस घरट्याभोवती चार हात भात उभा ठेवायचा. पिल्लं पाण्यात गेली की मग कापायचा."

किसन तिच्याकडे वळला. "तुला हे सगळं ठाऊक होतं? मग मी इतकी वर्षं सांगत होतो, तेव्हा बोलली का नाहीस?"

"डोळा गेल्यावर वरीसभर तुमी घरात तोंड उघडलं नव्हतं," तुळशी म्हणाली. "मी रडायचे मोरीत जाऊन. मग एक दिवस तळ्यावरनं आलात नि या बदकांचं सांगाय लागलात. मी मधे बोलले असते नि तुमी परत गप झाला असता, तर?"

उपकार फेडायला म्हणून जिला आणलं, तिचं देणं किती मोठं आहे हे किसनला आत्ता कळत होतं. त्याचे डोळे भरून आले, दिसणारा आणि न दिसणारा, दोन्ही. तो खुर्चीशेजारी खाली जमिनीवरच बसला.

"आता तू सांग," तो म्हणाला.