गेटवर न सापडलेला क्लास

जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काही बिघडलं की आधी दुसऱ्यावर चिडतो, मग बघतो.

आमच्याकडे तीन मशीन आहेत: ऑफिसचं, लॅबचं आणि गेटचं. तिन्हींची मिळून एक सामाईक आठवण आहे. लॅबने हरभऱ्याचा लॉट पास केला की त्याची माहिती तिथे बांधून ठेवली जाते. गेट ती उचलतं आणि गाडी सोडतं. पण ते गाठोडं उघडायला प्रत्येक मशीनकडे स्वतःचा साचा लागतो. त्याला आम्ही क्लास म्हणतो.

दसऱ्यानंतर, हरभऱ्याच्या ऐन पेरणीत, गेटवर 'क्लास सापडला नाही' असं येऊ लागलं. जुने लॉट सुटायचे, नवे अडायचे. गेटवर बसायचे मामा. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणते. गुडघे गेल्यामुळे त्यांचं पोती उचलणं सुटलं होतं, म्हणून ही खुर्ची मिळाली होती. लॅब आणि ऑफिसमध्ये सगळं सुरळीत होतं. म्हणजे दोष मामांच्या बोटांचा, असा मी निकाल लावून टाकला आणि हमालांच्या देखत म्हणालो, "मामा, जमत नसेल तर सोडा."

"मी बराबर दाबून राह्यलो, साहेब."

"मग मशीन खोटं बोलतं का?"

मॅनेजरने मामांना पुन्हा पोत्यांवर पाठवलं आणि त्यांच्या जागी एक पदवीधर बसवला. पदवीधराने बरोबर दाबलं. क्लास सापडला नाही.

तेव्हा कुठे मी गेटचं मशीन उघडून बघितलं. आतला प्रोग्राम जुनाच होता. डब्यावर हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती. ती दिसली आणि सगळं आठवलं. खंडेनवमीला कारखाना बंद, म्हणून मी तिन्ही मशीनवर नवा प्रोग्राम चढवायला आलो होतो. लॅब झालं, ऑफिस झालं. गेटवर मामांनी मशीनची पूजा मांडली होती. "आज त्याची सुट्टी हाये. हात लावू नका," म्हणाले. दसरा झाल्यावर करू म्हणून मी पेढा खाल्ला आणि साफ विसरलो. त्यातला नवा साचा गेटवर पोचलाच नव्हता, आणि नवे लॉट त्याच साच्यात बांधलेले होते.

दहा मिनिटांत प्रोग्राम चढला, गाड्या निघाल्या. शेडमध्ये मामा पोत्यांच्या थप्पीला टेकून गुडघा चोळत होते. मला स्वतःची लाज वाटली. मी मॅनेजरला खरं काय ते सांगितलं. त्याने मामांना परत गेटवर बोलावलं.

मामा आले, पण खुर्चीत बसेनात.

"आधी सांगा, कुणाचं चुकलं."

"माझं."

"हमालांना ऐकू गेलं न्हाई."

मी शेडकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणालो, "माझं चुकलं होतं. मामांचं नाही." पाठीवर पोती घेतलेले हमाल जागच्या जागी थांबले.

मग मामा खुर्ची पुढे ओढून बसले.