खंडेनवमीच्या पाटावरची काच

आमच्या घरी खंडेनवमीच्या पाटावर मळकी वस्तू चालत नाही. पूर्वज कधी काळी फौजेबरोबर झाशीला आले, त्यांची एक तलवार उरली आहे. बाबा त्या दिवशी ती माळ्यावरून उतरवतात, तेल लावून घासतात आणि तिच्या शेजारी घरातल्या प्रत्येकाच्या कामाचं हत्यार मांडतात. रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त होताना आणलेले त्यांचे पाने, आईची शिवणाची कात्री, भावाचा लॅपटॉप. दतिया गेटच्या आमच्या गल्लीत ही पूजा आमच्याकडेच होते, म्हणून शेजारच्या चाचीजी दरवर्षी बघायला येतात.

माझं हत्यार काय, हा घरातला जुना प्रश्न. मी पीएच.डी. करते, सौरऊर्जेवर, एवढं सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढे गाडी जात नाही. चाचीजींना माझ्या पॅनलवर त्यांचा कूलर कधी चालणार एवढंच हवं असतं. मी सांगते की चाचीजी, मी पॅनल बनवत नाही, बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या तुकड्यावर काम करते. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघतात की जणू मी शिकून वाया गेले.

काम खरं तर सांगायला सोपं आहे. काचेवर सौरघटाचा, उन्हाची वीज करणारा थर असतो, केसापेक्षाही कितीतरी पातळ. पातळ म्हणून सामान कमी लागतं, आणि पातळ म्हणूनच बरंचसं ऊन त्यातून वाया जातं. त्या थरावर मी झिंक ऑक्साइडच्या काड्या उगवते. नॅनो मापाच्या, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या. प्रकाश त्या रानात शिरला की अडखळतो, वाकडातिकडा फिरतो आणि थरात जास्त रेंगाळतो. डोळ्यांना यातलं एकच दिसतं. काच धुरकट होते, आंघोळीनंतरच्या आरशासारखी. तो धुरकटपणा एकसारखा आला की समजायचं, जमलं.

आणि ते जमत नव्हतं हो. काड्या उगवायला द्रावण तासन्‌तास एकाच तापमानावर ठेवावं लागतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत वीज कधी दगा देईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी बसलेली. उन्हाळ्यात खिडकीच्या फटीतून इतकी धूळ यायची की काचेवर काड्या कमी आणि बुंदेलखंड जास्त. कितीदा तरी सगळं बेसिनमध्ये ओतून मी हातमोजे भिंतीवर फेकून मारले आहेत. मार्गदर्शक सर म्हणायचे, धीरज रखिए. धीर धरून धरून माझं डोकं उठलं होतं.

शेवटी पावसाळा सरता सरता एक काच जमली. एकसारखी धुरकट, कडेपासून कडेपर्यंत. काच किती ऊन धरते ते मोजायचं यंत्र कानपूरला, त्यावर नंबर लागायला महिनेच्या महिने जातात, आणि आमचा लागला होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. माझी फेलोशिप थंडीत संपणार. ही मोजणी झाली तर तिच्यावर मुदतवाढ मागता येणार होती, नाही तर प्रबंधाचा मुख्य भागच गळणार होता. प्रयोगशाळेला सुट्ट्या लागल्या, म्हणून काच डबीत घालून मी ती डबी घरी आणली, कपाटात माझ्या साड्यांमागे ठेवली आणि आईला बजावलं की हिला कुणी हात लावायचा नाही. बाबा तेव्हा बाजारात झेंडू आणायला गेले होते.

खंडेनवमीच्या सकाळी मी न्हाऊन आले तर पाट मांडून झाला होता. तलवार, पाने, कात्री, लॅपटॉप, आणि मधोमध माझी काच. आरपार दिसत होती. तिच्यावर एक बोट हळद, एक बोट कुंकू.

"कपाटात डबी सापडली, म्हणून यंदा तुझंही हत्यार मांडलं," बाबा खुशीत म्हणाले. "मळली होती बघ. तेल नाही हं लावलं, काच आहे म्हणून. चष्म्याच्या फडक्याने जपून पुसली. आता कशी चकाचक झाली."

माझ्या तोंडून जे शब्द फुटले ते सणाच्या दिवशी कुणी बोलू नये असे होते. तो मळ नव्हता, ते माझं काम होतं, हे मी ओरडून ओरडून सांगितलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली; माझी ताकीद बाबांना सांगायची तिच्याकडून राहून गेली होती. बाबा फडकं हातात धरून एवढंच म्हणाले की मी तर जपून पुसली गं.

"जपून पुसलीत म्हणूनच काही उरलं नाही. उरकून टाकली असतीत तर निदान एखादा कोपरा तरी राहिला असता."

माझा राग आजही गेलेला नाही. कुणी वाईट हेतूने केलं असतं तर भांडायला तरी जागा होती. इथे माणसाने फुंकर घालून घालून, प्रेमाने माझं वर्ष पुसलं. अशा माणसाचं काय करायचं?

सरांना फोन केला. ते म्हणाले की रिकामी काच घेऊन कानपूरला जाण्यात अर्थ नाही, आपला नंबर कानपूरवाले दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊन टाकतील. पुढचा नंबर होळीनंतर. तोवर माझी फेलोशिप संपलेली असणार, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे शमीची पानं सोनं म्हणून देतात. लहानांनी मोठ्यांच्या हातावर पान ठेवायचं, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणायचं आणि वाकायचं. भावाचं झालं. मी बाबांसमोर उभी राहिले. आदल्या दिवसापासून आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी हात पुढे केला आणि हळूच विचारलं, "त्या काड्या पुन्हा उगवतील ना गं?"

"काड्या उगवतील, बाबा. कानपूरची तारीख कुठून उगवू?"

मी पान त्यांच्या हातावर ठेवलं. पुढचे शब्द काही केल्या तोंडातून निघेनात, आणि बाबा हात तसाच पुढे धरून त्यांची वाट बघत राहिले.